लिहायला जागा हवी आहे, सर!

वाचकांची पत्रं, ड्रॉइंगच्या सरांची उत्तरं

मे संपत आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी कुठला कागद घ्यावा, शेडिंगला कुठली पेन्सिल, असं विचारणारी मंडळी एकदम 'कुठं जावं?' विचारायला लागतात. यंदा त्यात लेखकही आलेत. साताऱ्यात शाळेत चित्रकला शिकवली, सुट्टीत आधी पोरांना आणि मग मोठ्यांना घेऊन डोंगरात नि नदीकाठी चित्रं काढत बसलो, एवढ्या भांडवलावर उत्तरं देतोय. लेखक मंडळींनी सांभाळून घ्यावं.

सर, कादंबरीची दीडशे पानं लिहून झालीत आणि तिथंच गाडं अडलंय. जुलैत आठवडाभर रजा मिळतेय. महाबळेश्वरच्या एका रिसॉर्टची 'रायटर्स रिट्रीट'ची जाहिरात पाहिली. दरीकडे तोंड असलेली खोली, सकाळी योगा, नेचर वॉक, संध्याकाळी शेकोटी आणि नामवंत लेखकांचं मार्गदर्शन. पैसे बरेच आहेत, पण बायको म्हणते, एकदा जाऊन या. जाऊ का?
– बँक कर्मचारी, कराड

जा म्हणणारी बायको आहे म्हणजे निम्मं काम झालं. पण जुलैत महाबळेश्वर? वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथं, आणि त्यातला मोठा वाटा जुलै-ऑगस्टात. जाहिरातीतली दरी तुम्हाला बहुधा दिसणारच नाही. खिडकीबाहेर पांढरं धुकं, अंथरूण दमट, मोजे वाळत नाहीत, वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. दरी न दिसणं लेखकाच्या सोयीचंच आहे म्हणा, पण मग दरीचे पैसे कशाला भरायचे?

तो कार्यक्रम पुन्हा एकदा वाचा. योगा झाला, फिरणं झालं, जेवण झालं, मार्गदर्शन झालं, शेकोटी झाली. लिहिणार कधी? अडलेल्या कामाला सकाळचे सलग तीन-चार तास लागतात आणि ते रोज त्याच वेळेला लागतात. तेव्हा आधी फोन करा. खोलीत टेबल आहे का विचारा. आरशाखालची फळी नको, चांगलं जेवणाच्या टेबलाएवढ्या उंचीचं टेबल आणि पाठ असलेली खुर्ची. शनिवार-रविवारी शेजारच्या हॉलमध्ये हळदीचा किंवा कंपनीचा कार्यक्रम असतो का विचारा. आणि सकाळच्या योगाला नाही आलो तर चालेल का, हेही विचारा. इथं पलीकडचा माणूस 'नाही म्हणजे सगळे येतातच हो' असं म्हणाला, की ती सहल आहे समजा. सहलीला माझी ना नाही, पण ती बायकोला घेऊन करा.

मार्गदर्शनाचं म्हणाल, तर दीडशे पानांवर अडलेल्या माणसाला ती दीडशे पानं एका दमात वाचून काढायची गरज असते. प्रिंट काढा, लाल पेन घ्या. आम्ही चित्र अडलं की दहा पावलं मागे जाऊन बघतो, तेच तुम्ही करायचं.

आता जायचं कुठं? रजा जुलैतच असेल तर घाटमाथ्याकडे पाठ करा आणि पूर्वेला चला. आपल्या जिल्ह्याची गंमत हीच आहे. एका टोकाला महाबळेश्वर आणि दुसऱ्या टोकाला म्हसवड, जिथं वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. माण, खटाव आणि पलीकडे सांगलीतलं आटपाडी हा सगळा पर्जन्यछायेतला मुलूख. जुलैत हवा कोरडी, आभाळ भरलेलं पण पडत नाही, वारा भरपूर. लिहायला याहून चांगली हवा मला ठाऊक नाही. आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचं उदाहरण तर तुम्हाला माहीत असेलच. ग. दि. माडगूळकर पुण्या-मुंबईतला सिनेमाचा धबडगा टाकून गावी येत आणि शेतातल्या पत्र्याच्या छपराखाली लिहायला बसत. व्यंकटेश माडगूळकरही तिथं लिहीत. लोक त्या जागेला 'बामणाचा पत्रा' म्हणतात. ना धबधबा, ना दरी. माळ, बांध आणि बाभळी.

औंधही बघा. यमाईचा डोंगर, गावात सावली, आणि दुपारी डोकं चालेनासं झालं तर श्रीभवानी वस्तुसंग्रहालय आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमवलेला खजिना. रविवर्म्याची अस्सल चित्रं आहेत आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं दगडात कोरलेलं आई-मुलाचं छोटं शिल्पही आहे. त्यासमोर उभं राहिलं की वेळेचं भान राहत नाही, म्हणून सकाळी जाऊ नका.

रजा पुढं ढकलता आली तर मात्र दिवाळीनंतर वाई. पसरणीच्या घाटाखाली कृष्णेकाठचं गाव, घाटावर माणसांचा राबता, खानावळी, आणि पुस्तकांचा शेजार. मराठी विश्वकोश याच गावात घडला. त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथं राहत होते म्हणून एवढा मोठा प्रकल्प इथं आला, आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड बाहेर पडला. त्या पंडित मंडळींना टेबल, दिवा आणि ग्रंथालय हवं होतं. तुमचंही त्यापेक्षा फार वेगळं नाही.

सर, मी कविता करते. दोन दिवस एकटीनं कुठंतरी जावं, नदीकाठी बसावं असं फार वाटतं. सासूबाई म्हणतात, घरात काय कमी आहे? मिस्टर म्हणतात, मग सगळेच जाऊ. एकट्या बाईनं कुठं राहावं? खर्चही बेताचा हवा.
– गृहिणी, विटा

ताई, 'सगळेच जाऊ' याच्याइतकं धोक्याचं वाक्य नाही. सगळे गेले की तुमचं फक्त स्वयंपाकघर बदलतं. डबे, पाण्याच्या बाटल्या, कुणाला उलटी होते, कुणाला चहा बिनसाखरेचा. मिस्टरांचा हेतू चांगला आहे यात शंका नाही, पण त्यांना स्वच्छ सांगा: सगळ्यांची सहल मेमध्ये, हे दोन दिवस माझे. आणि त्या दोन दिवसांत जेवण कोण करणार हे जायच्या आधी ठरवा, नाहीतर दर तासाला 'हळद कुठल्या डब्यात आहे?' म्हणून फोन येतो.

तुम्हाला औदुंबर सुचवतो. विट्याहून पलूसमार्गे जवळ, एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहेच, आणि रेल्वेनं आलात तर भिलवडी स्टेशन. दत्ताचं स्थान, त्यामुळे एकट्या बाईकडे कुणी वळून बघत नाही. सासूबाईंना 'दत्ताला जाऊन येते' म्हटलं तर ते खोटंही होत नाही. कृष्णेचा घाट, औदुंबराची नि वडाची दाट सावली. पहाटे काकडआरतीनंतर घाटावर जी शांतता असते ती दुपारी बारापर्यंत टिकते. आणि कवितेशी या गावाचं नातं जुनं आहे. कवी सुधांशू इथलेच. सदानंद साहित्य मंडळाचं संमेलन इथं दर संक्रांतीला भरतं, झाडाखाली, नदीजवळ. पहिल्यांदा त्या दिवशीच या. सकाळी येऊन संध्याकाळी परत. गाव बघून होईल, चार लिहिणाऱ्या बायका भेटतील, राहायची चौकशी तोंडी करता येईल. एकट्या बाईला खोली देतात का, हे तोंडावर विचारून घ्या. काही धर्मशाळांत देत नाहीत आणि ते रात्री आठ वाजता कळलं की हाल होतात.

पावसाळ्यात मात्र नाही. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. औदुंबरचं देऊळ तर त्याच्या कितीतरी आधी पाण्यात जातं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा.

सज्जनगडावरही भक्तनिवास आहे, महाप्रसाद आहे, आणि खालचं उरमोडी धरणाचं पाणी बघत बसायला जागा आहे. पण देवस्थानात उतरायचं तर तिथल्या वेळा पाळायच्या, आरतीला उभं राहायचं आणि निघताना यथाशक्ती देणगी टाकायची. फुकटचं लॉज म्हणून वापरणारे लेखक मी पाहिलेत. नंतर येणाऱ्या खऱ्या गरजूंची दारं ते बंद करून जातात.

एकटीनं जायला मन धजत नसेल तर मैत्रीण न्या, पण तिचं स्वतःचं काही काम असलेली. भरतकाम, वाचन, जप, काहीही. दुपारच्या जेवणापर्यंत एकमेकींशी बोलायचं नाही, हे एसटीत बसायच्या आधीच ठरवा.

आणि दोन दिवस नाहीच मिळाले तर सागरेश्वर आहे की. देवराष्ट्रे तुमच्यापासून लांब नाही. उघड्या बोडक्या डोंगरावर झाडं लावून, हरणं सोडून माणसांनी उभं केलेलं अभयारण्य, जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं. पायथ्याला जुन्या देवळांचा समूह आहे. तिथल्या ओवरीत बसा, डबा खा, पाचच्या गाडीनं परत. कवितेला तेवढं पुष्कळ झालं.

सर, सप्टेंबरात आम्ही मित्र कासला वॉटरकलर करायला जाणार आहोत. गेल्या वर्षी वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, वाळतच नव्हता, कागद पोटासारखा फुगला. शिवाय फुलांत बसून चित्र काढू दिलं नाही, उठवलं. आमच्यासारख्यांना वेगळी परवानगी मिळते का?
– कला महाविद्यालयाचा विद्यार्थी, सांगली

उठवलं ते बरं केलं. कासचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं ते सपाट पठार, हा नुसता जांभा दगड आणि त्यावर बोटभर माती. कुठं तीही नाही, नुसतं साचलेलं पाणी. साडेआठशेच्या वर जातींच्या वनस्पती त्या बोटभर मातीत उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि दिवाळीनंतर बघावं तर करपलेला माळ. तू जिथं पाट ठेवून बसलास तिथं पुढच्या वर्षीचं बी तुझ्याखाली चेपलं जातं. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत नाव गेलं तेव्हापासून गर्दी अशी वाढली की कुंपण, ऑनलाइन नोंदणी, सगळं करावं लागलं. चित्रकाराचं बूड पर्यटकाच्या बुडापेक्षा हलकं नसतं. परवानगी मागू नकोस.

कडेला, वाटेवरच्या दगडावर बस. एवढंच की तिथून काय काढायचं ते बदल. पोरं कासला जातात आणि गुलाबी तेरड्याचा गालिचा काढतात. तो कॅलेंडरवर आहे, फोनमध्ये आहे, तू काढलास तर गुलाबी डागांपलीकडे काही होत नाही. त्यापेक्षा भिंग ने. दोनशे रुपयांचं, दहापट मोठं दिसणारं. वाटेच्या कडेला ओल्या जागी निळी-जांभळी बारकी फुलं दिसतील, नखाएवढी. ती सीतेची आसवं. वर देठ आणि फूल, पान असं म्हणावं तर नाहीच. खाली चिखलात केसासारखे धागे आणि त्यांना मोहरीहून लहान फुगे. पाण्यातला सूक्ष्म जीव फुग्याच्या तोंडाला लागला की फुगा त्याला आत ओढतो. म्हणजे एवढं नाजूक दिसणारं फूल शिकारी झाडाचं आहे. फूल काढताना खालच्या ओठावरचा तो फिकट ठिपका सोडलास तर चित्र मेलं समज. शेजारीच दवबिंदू मिळेल, लाल केसांवर चिकट थेंब घेऊन किड्यांची वाट बघणारा. गेंद मिळेल, पांढऱ्या बटनासारखा. पिवळा कवला मिळेल, ज्याला तुम्ही पोरं मिकी माऊस म्हणता. एका सकाळी एक फूल, तेवढंच. गालिचा परत आल्यावर आठवणीतून कर, बरा होईल.

आता कागद. त्या हवेत कागद दिवसभर ओल पितो. त्यात तू आणखी पाणी ओततोस, मग तो फुगेल नाहीतर काय होईल? कागद ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) खालचा घेऊ नकोस. सुटा कागद क्लिपा लावून नेऊ नकोस. घरीच ओला करून, गमटेपनं चारी बाजू पाटावर चिकटवून, पूर्ण वाळवून ने. पाट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीत ओल शोषणारी सिलिकाची पुडी, नव्या बुटांच्या खोक्यात असते तशी. ब्रशला पाणी निम्मं ठेव आणि थरावर थर चढवायचा नाद त्या दिवसापुरता सोड. आकाश एका वॉशमध्ये झालं तर झालं. खरं सांगू का, कासला जलरंगांचा हट्टच नको. वॉटरप्रूफ शाईचं पेन, त्यावर रंगीत पेन्सिल किंवा घट्ट पोस्टर कलर. धुकं आलं की पाचच मिनिटांत दहा फुटांपलीकडचं नाहीसं होतं आणि तितक्याच झटकन परत येतं. तेवढ्यात पेन चालतं, वॉश चालत नाही.

गणपती उठल्यापासून घटस्थापनेपर्यंतचे दिवस धर, पण मधल्या वारी. शनिवार-रविवारी वर जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. सकाळची बामणोलीची एसटी धर, ती कासवरूनच जाते. आणि टोपली कारवी या झुडपाचा बहर विचारत असशील तर ती दर सात वर्षांनी फुलते. त्यासाठी आयुष्य पडलंय.

लिहायला बाहेर गेल्यावर मोबाईल बंद ठेवावा का?
– वाचक, तासगाव

ठेवा. पण घरच्यांना संध्याकाळची एक वेळ ठरवून द्या आणि ती पाळा. कोयनेच्या खोऱ्यात गेलात तर बऱ्याच ठिकाणी हा प्रश्न उरतच नाही, रेंजच नसते. मात्र रेंज नाही म्हणून वासोट्याच्या जंगलात वही घेऊन मुक्कामाला जाण्याचे बेत कुणी करू नयेत. ते व्याघ्र प्रकल्पाचं रान आहे, वनखात्याची परवानगी काढून लाँचनं जायचं आणि उजेडात परत यायचं. पावसाळ्यात बंदच असतं. जळवांनी भरलेल्या पायांनी कुणी काही लिहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

भिलारला, पुस्तकांच्या गावात राहून लेखन करावं असा विचार आहे. कसं वाटतं?
– शिक्षिका, कोरेगाव

बाई, वाचायला जा. मे २०१७ मध्ये ते गाव सुरू झालं तेव्हापासून घराघरांत कपाटं आहेत. एका घरी कविता, दुसऱ्या घरी इतिहास, तिसऱ्या घरी बालसाहित्य. ओसरीवर बसून वाचा, घरची माणसं पाणी विचारतील, स्ट्रॉबेरीच्या दिवसात गेलात तर स्ट्रॉबेरीही. पण पंधरा हजारांहून जास्त पुस्तकं हाताशी असताना स्वतःची वही उघडणारा माणूस मला भेटायचाय.

सर, पाटण तालुक्यात डोंगरउताराला माझं दोन एकर रान आहे. खाली ओढा, वर जंगल. दोन खोल्या बांधल्यात. पोरगा म्हणतो टेंट टाकू, पोहायचा तलाव करू, डीजे ठेवू. मला वाटतं लेखक-चित्रकारांना द्यावं, शांतपणे राहतील. पण त्यांना नक्की काय लागतं ते कळत नाही.
– शेतकरी, पाटण

दादा, तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, म्हणून सविस्तर लिहितो.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर प्रांतात पीटरबरो नावाचं गाव आहे. तिथं एडवर्ड मॅकडॉवेल या संगीतकारानं आणि त्याच्या बायकोनं, मॅरियननं, १९०७ साली आपल्या शेतावर कलाकारांसाठी अशीच जागा सुरू केली. झाडीत एकमेकांपासून लांब लांब झोपड्या. दुपारचं जेवण टोपलीत घालून दाराशी ठेवतात आणि दार न वाजवता निघून जातात. शंभरावर वर्षं झाली, टोपली चालूच आहे. तुम्हाला तलाव लागणार नाही, ही टोपली लागेल.

म्हणजे काय, तर जेवणाच्या वेळा ठरलेल्या आणि जेवण साधं. तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, एखादी रानभाजी, आमटी-भात. 'आज काय करू?' असं दिवसातून तीनदा विचारायला येऊ नका. आपल्याकडे पाहुण्याला एकटं सोडणं पाप वाटतं, तुमच्या घरच्यांना ते मुद्दाम शिकवावं लागेल. चहाचा थर्मास खोलीत ठेवा, संपला की ते बाहेर आणून ठेवतील.

खोलीला उत्तरेकडे मोठी खिडकी आहे का बघा. नसेल तर पाडून करा. उत्तरेचं ऊन थेट आत येत नाही, त्यामुळे उजेड सकाळपासून संध्याकाळपर्यंत सारखा राहतो. चित्रकार त्यासाठी दुप्पट पैसे देईल. फरशी शहाबादी ठेवा, रंग सांडला तर हळहळ वाटत नाही. बाहेर ब्रश धुवायला मोरी करा आणि तिचं पाणी शोषखड्ड्यात सोडा. टर्पेंटाइन ओढ्यात गेलं तर खालच्या वाडीचे लोक तुमच्या दारात येतील, आणि बरोबरच येतील. टेबलाजवळ प्लगपॉइंट, एक इन्व्हर्टर. अंगणात रात्रभर फोकस नको, पायरीपुरता दिवा. पाहुण्याला पहिल्याच दिवशी सांगा की दिवस मावळल्यावर ओढ्याकडे जायचं नाही. गवा असतो, अस्वल असतं, आणि कलाकार माणूस खाली बघून चालत नाही.

पोराला नाराज करू नका. नोंदणी, पैसे, फोन हे सगळं त्याच्याकडे द्या. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलंय, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंद करून घ्या. आणि आणखी एक वीट रचण्याआधी वनखात्याकडे आणि तहसीलला जाऊन विचारा की तुमचा गट अभयारण्याभोवतीच्या, बांधकामावर निर्बंध असलेल्या संवेदनशील पट्ट्यात येतो का. महाबळेश्वर-पाचगणीला २००१ पासून हे निर्बंध आहेत आणि तिथल्या बांधकामांवरून काय रामायणं झाली ती तुम्ही पेपरात वाचली असतील.

दर आठवड्याचा लावा, रात्रीचा लावू नका. रात्रीच्या दरानं शनिवारची गँग येते. आठवड्याच्या दरानं काम घेऊन आलेला माणूस येतो. मंगळवारी येणाऱ्याला थोडी सूट द्या. टेंटसाठी काढलेल्या पैशांतून गावच्या सुताराकडून दोन टेबलं करून घ्या. बाभळीची चालतील, पण कागदावर जोर दिला तर हलता कामा नयेत. दर ठरले की मासिकाच्या पत्त्यावर कळवा. तुमचं नाव-गाव इथं छापणार नाही, पण कराडचे कादंबरीकार आहेतच, दिवाळीनंतर त्यांना तुमच्याकडे पाठवतो.